पॅरिशची हद्द आणि रचना बदलून घ्यायची असेल तर: इंग्लंडमधल्या मराठी रहिवाशांसाठी

कौन्सिल टॅक्सचं बिल एकदा नीट वाचा. काउंटीचे इतके, डिस्ट्रिक्टचे इतके, पोलिसांचे इतके, आणि त्यांच्या खाली पुष्कळ ठिकाणी एका पॅरिशचं (स्थानिक कारभाराच्या सगळ्यात खालच्या स्तराचं) नाव आणि तिची छोटीशी रक्कम. ते नाव तुम्ही जिथे राहता असं तुम्हाला वाटतं त्या गावाचं आहे का? नसेल, किंवा तिथे एकही नाव नसेल आणि असावं असं वाटत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणूक विभागात नोकरी करते. मतदार याद्या, उमेदवारी अर्ज, मतदान केंद्रं हे रोजचं काम. त्याबरोबर पॅरिशच्या हद्दी आणि रचना तपासून बदलण्याचं कामही आमच्याकडेच येतं. त्याला इथे कम्युनिटी गव्हर्नन्स रिव्ह्यू म्हणतात. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांत कितीतरी मराठी कुटुंबं राहायला आली. रिव्ह्यूत चर्चा नेमकी याच वसाहतींची असते, पण आलेल्या सूचनांच्या गठ्ठ्यात आपल्या माणसांची पत्रं शोधावी लागतात. मला ते मनापासून खटकतं.

पॅरिश कौन्सिलचा चर्चशी संबंध नाही. 1894 च्या कायद्याने चर्चची पॅरिश आणि नागरी पॅरिश वेगळ्या झाल्या. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार स्थानिक कौन्सिलं आहेत, काही शेकडो मतदारांच्या खेड्यापासून थेट नॉर्थहॅम्प्टनसारख्या मोठ्या शहरापर्यंत. खेळाची मैदानं, अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे), दफनभूमी, कम्युनिटी हॉल, बसथांब्याचा निवारा अशी कामं त्यांच्याकडे असतात. हद्दीत बांधकामाचा अर्ज आला तर तो कळवला जाण्याचा आणि त्यावर मत देण्याचा हक्क त्यांना असतो. आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना करणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. पॅरिशला सरकारकडून तसं नियमित अनुदान नाही. ती जगते प्रिसेप्टवर, म्हणजे तुमच्या बिलातल्या त्या छोट्या रकमेवर. म्हणून तुमचं घर हद्दीच्या कुठल्या बाजूला पडतं याला अर्थ आहे.

अधिकार कोणाचा

2008 पर्यंत पॅरिश निर्माण करायची किंवा मोडायची तर निर्णय लंडनला, मंत्र्यांच्या पातळीवर होत असे. 2007 च्या लोकल गव्हर्नमेंट अँड पब्लिक इन्व्हॉल्व्हमेंट इन हेल्थ अॅक्टने तो अधिकार स्थानिक पातळीवर आणला. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन स्तर आहेत तिथे डिस्ट्रिक्ट कौन्सिल, जिथे सगळी कामं बघणारी एकच कौन्सिल आहे तिथे ती, म्हणजे युनिटरी, आणि लंडनमध्ये बरो कौन्सिल. काउंटी कौन्सिल हा रिव्ह्यू करू शकत नाही, तिचा फक्त सल्ला घ्यावा लागतो. लंडनमध्ये तर 1960 च्या दशकापासून पॅरिश नव्हत्याच. या कायद्यानंतर वेस्टमिन्स्टरमधल्या क्वीन्स पार्कच्या रहिवाशांनी मागणी लावून धरली आणि मे 2014 मध्ये तिथे निवडणूक होऊन कम्युनिटी कौन्सिल उभी राहिली.

रिव्ह्यूत नवी पॅरिश करता येते, असलेली मोडता येते, दोन जोडता येतात, हद्द सरकवता येते, नाव बदलता येतं, सदस्यांची संख्या आणि वॉर्ड बदलता येतात, छोट्या पॅरिशांचा गट करून त्यांना एक सामाईक कौन्सिल देता येते.

तुम्हाला यात बोलता येतं का

येतं, आणि हे मी मुद्दाम वरच लिहिते आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसा घेऊन इंग्लंडमध्ये राहणारी अठरा वर्षांवरची व्यक्ती इथल्या मतदार यादीत नाव घालू शकते, कौन्सिलच्या निवडणुकीत मत देऊ शकते आणि रिव्ह्यू मागणाऱ्या पिटिशनवर सही करू शकते. अनेक कुटुंबं ब्रिटिश नागरिकत्व मिळेपर्यंत थांबून राहतात. थांबायचं कारण नाही. यादीत नाव घालणं ऑनलाइन होतं आणि फार वेळ लागत नाही.

सूचना पाठवायला तर यादीत नावही लागत नाही. कायदा म्हणतो की त्या भागातल्या मतदारांचं आणि ज्यांचा या विषयाशी संबंध आहे अशा इतर व्यक्ती व संस्थांचं मत घेतलंच पाहिजे. तुमचं महाराष्ट्र मंडळ त्या गावातला हॉल भाड्याने घेत असेल तर मंडळानेही लिहावं.

सुरुवात कशी करायची

पिटिशनचे कागद छापण्याआधी कौन्सिलच्या निवडणूक विभागाला किंवा डेमोक्रॅटिक सर्व्हिसेसला एक ईमेल करा. तीन गोष्टी विचारा. आमच्या भागाचा शेवटचा रिव्ह्यू कधी झाला? पुढचा ठरला आहे का? लोकल गव्हर्नमेंट बाउंडरी कमिशन (कौन्सिलांचे वॉर्ड ठरवणारी स्वतंत्र संस्था) सध्या आमच्या डिस्ट्रिक्टच्या वॉर्डांची फेररचना करत आहे का, किंवा नुकतीच केली आहे का? सरकारची मार्गदर्शिका 2010 ची आहे आणि दर दहा ते पंधरा वर्षांनी रिव्ह्यू करणं ती चांगली पद्धत मानते. पुष्कळदा उत्तर येतं की रिव्ह्यू पुढच्या वर्षी आहेच. मग सह्यांची धावपळ वाचते. आपल्या वसाहतीचा प्रश्न रिव्ह्यूच्या कार्यकक्षेत घ्यावा एवढंच लेखी कळवायचं. तुमच्या वॉर्डाच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलरलाही त्याची प्रत द्या, कारण कार्यकक्षा मंजूर करणाऱ्या बैठकीत बोलायला कोणीतरी हवं.

कौन्सिल स्वतःहून हलत नसेल तर पिटिशन. किती सह्या लागतात ते 2015 पासून असं आहे. भागात 500 पेक्षा कमी मतदार असतील तर त्यांतल्या 37.5 टक्क्यांच्या, 500 ते 2,500 मतदार असतील तर 187, आणि 2,500 च्या वर असतील तर 7.5 टक्के. म्हणजे 400 मतदारांच्या वसाहतीला 150 सह्या, 1,800 मतदारांना 187, आणि 4,000 मतदारांना 300. पूर्वीचा आकडा याहून जास्त होता. हे मतदार आहेत, लोकसंख्या नाही. मुलं आणि यादीत नसलेले प्रौढ यात धरले जात नाहीत.

कोणता भाग धरायचा हे पिटिशन करणाराच ठरवतो. आकडा त्या भागावरून निघतो, म्हणून नकाशा काढताना घाई करू नका. फार मोठा भाग धरला तर ज्यांना हा प्रश्नच जाणवत नाही अशा लोकांच्या दारात उभं राहावं लागतं. फार छोटा धरला तर पुढे कौन्सिल म्हणणार की एवढ्याशा गल्लीसाठी हद्द का हलवायची. भाग नेमका कोणता आणि मागणी नेमकी कोणती, हे दोन्ही पिटिशनवर स्पष्ट असलं पाहिजे. माझा सल्ला असा की ते प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापा. म्हणजे सही करणाऱ्याला तो कशावर सही करतो आहे हे माहीत होतं.

सह्या आम्ही मतदार यादीशी ताडून पाहतो, आणि इथे आपल्या लोकांच्या सह्या जास्त गळतात. यादीत नाव पासपोर्टप्रमाणे असतं आणि कागदावर माणूस घरातलं नाव लिहितो. लग्नानंतरचं आडनाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे. एकाच घरातल्या चौघांसाठी एकानेच सही केलेली. प्रत्येकाने स्वतः सही करावी, यादीत आहे तेच नाव मोठ्या सुट्या अक्षरांत लिहावं, आणि पूर्ण पत्ता द्यावा. लागतात त्यापेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त सह्या गोळा करा.

वैध पिटिशन आली की कौन्सिलला रिव्ह्यू करावाच लागतो. त्या भागाचा किंवा त्यातल्या बऱ्याचशा भागाचा रिव्ह्यू मागच्या दोन वर्षांत पूर्ण झाला असेल तर मात्र तशी सक्ती नाही. आणखी एक वाट आहे. तुमच्याकडे नेबरहूड फोरम (रहिवाशांचा मान्यताप्राप्त गट) असेल आणि त्याने केलेला नेबरहूड प्लॅन, म्हणजे त्या भागातल्या बांधकामाचा आराखडा, सार्वमतात मंजूर झाला असेल, तर तो फोरम सह्यांशिवायही रिव्ह्यूची मागणी करू शकतो.

कौन्सिल ज्या दोन कसोट्या लावते

कार्यकक्षा जाहीर झाली की रिव्ह्यू सुरू. साधारणपणे सूचनांची एक फेरी, मग मसुदा शिफारशी, मग दुसरी फेरी, मग अंतिम शिफारशी असा क्रम असतो. किती फेऱ्या घ्याव्यात हे कायद्यात नाही, पण पिटिशन मिळाल्यापासून बारा महिन्यांत रिव्ह्यू संपवण्याचं बंधन आहे. पिटिशन नसेल तर हे बारा महिने कार्यकक्षा जाहीर झाल्यापासून मोजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निर्णय मतांची मोजणी करून होत नाही. कायद्याने दोन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत. एक, ही रचना तिथल्या लोकांची ओळख आणि हितसंबंध दाखवते का. दोन, ती कारभाराला परिणामकारक आणि सोयीची आहे का. तुमचं प्रत्येक वाक्य या दोनांपैकी एकाला जाऊन लागलं पाहिजे. शंभर घरांनी एकच छापील पत्र पाठवलं तर त्या भागात भावना तीव्र आहे एवढं आम्हाला कळतं. पण अहवालात लिहायला कारण एकच मिळतं.

मला आठवतं ते एक पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. हद्द एका जुन्या शेताच्या बांधावरून जात होती. बांध गेला, घरं आली, आणि नकाशावरची रेघ एका बंद गल्लीच्या मधोमध राहिली. समोरासमोरची घरं वेगवेगळ्या पॅरिशमध्ये. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं की मुलं शाळेत कुठल्या पायवाटेने जातात, मैदान कोणत्या पॅरिशचं आहे आणि त्याचा खर्च कोण देतं, पावसाचं पाणी कुठे तुंबतं आणि तक्रार करायची तर दोन पॅरिशांच्या दोन क्लार्कपैकी (कौन्सिलचं कामकाज बघणारे कर्मचारी) कोणाकडे असा घोळ कसा होतो, आणि मतदानाला त्यांना मोठा रस्ता ओलांडून दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये जावं लागतं तर समोरच्या घराला कोपऱ्यावरच्या शाळेत. विशेषणं अजिबात नव्हती. त्या पत्रातले मुद्दे जवळजवळ जसेच्या तसे शिफारशीच्या कारणांत गेले. असं पत्र कोणीही लिहू शकतं, कारण त्यासाठी कायदा माहीत असण्यापेक्षा आपली गल्ली माहीत असावी लागते. साधं इंग्रजी पुरे. आम्ही व्याकरण तपासत नाही.

पत्राबरोबर नकाशा जोडा आणि तुम्हाला हवी ती रेघ त्यावर काढा. रेघ जमिनीवर दिसणाऱ्या गोष्टीवर असू द्या. रेल्वेमार्ग, नदी, मोठा रस्ता, बागेची कड. घरांच्या परसातून जाणारी रेघ आज बरोबर वाटली तरी पुढच्या बांधकामात पुन्हा मोडते. आणि पुढच्या पाच वर्षांचा विचार करा. मतदारसंख्या ठरवताना कौन्सिलला आजची आणि पाच वर्षांनंतरची अपेक्षित अशा दोन्ही बघाव्या लागतात, त्यामुळे मंजूर झालेली पण अजून न बांधलेली घरंही मोजली जातात. मंजुरीचे कागद कौन्सिलच्या प्लॅनिंग पोर्टलवर सर्वांना बघता येतात.

काही मुद्दे लोक नेहमी लिहितात आणि त्यांचा उपयोग होत नाही. घराची किंमत ही कसोटी नाही. पॅरिश बदलल्याने पोस्टकोड बदलत नाही. नुसतं “टॅक्स वाढेल” हेही अपुरं आहे. पण पैशांचा मुद्दा कारभाराशी जोडला तर तो चालतो: आमच्या प्रिसेप्टमधून ज्या मैदानाची देखभाल होते ते आमच्यापासून दोन मैलांवर आहे, आणि आम्ही वापरतो त्या मैदानाचा खर्च शेजारची पॅरिश उचलते. दोन्ही पॅरिशांची बँड डीची रक्कम (कौन्सिल टॅक्सच्या तुलनेसाठी वापरला जाणारा घरांचा गट) कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. ती काढून पत्रात लिहा.

पैशांची आणखी एक बाजू आहे, आणि जुन्या पॅरिशा हद्द सोडायला तयार नसतात त्यामागे ती असू शकते. जिथे कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही लागू आहे तिथे नव्या बांधकामातून मिळणाऱ्या रकमेचा 15 टक्के वाटा पॅरिशला जातो, ठरावीक मर्यादेपर्यंत. नेबरहूड प्लॅन असेल तर 25 टक्के, मर्यादेशिवाय. ज्या जमिनीवर घरं येणार आहेत ती कोणाच्या हद्दीत हे म्हणूनच महत्त्वाचं. ते स्वच्छ विचारा, त्यात संकोच नको.

हद्द सोडून इतर मागण्या

हद्द हलवण्याआधी वॉर्डचा विचार करा असं मी नेहमी सांगते. वसाहत जुन्या गावाला लागून आहे, दुकानं आणि शाळा एकच आहेत, पण कौन्सिलवर वसाहतीचं कोणी नाही, अशी तक्रार असेल तर पॅरिश तोडण्यापेक्षा तिच्यातच वसाहतीचा स्वतंत्र वॉर्ड मागणं शहाणपणाचं. एखाद्या भागाला वेगळं प्रतिनिधित्व मिळणं इष्ट आहे, हे वॉर्ड पाडण्याचं कायद्याने मानलेलं कारण आहे. जुनं गाव नवीन लोकांवर रागावत नाही आणि वसाहतीला तिची माणसं मिळतात.

सदस्यांची संख्या किमान पाच असावी लागते, वरची मर्यादा कायद्यात नाही. मार्गदर्शिकेत उदाहरणादाखल जे आकडे दिले आहेत त्यांत 501 ते 2,500 मतदारांच्या पॅरिशला सहा ते बारा, आणि 2,501 ते 10,000 ला नऊ ते सोळा सदस्य दिसतात. जास्त जागा मागण्याआधी मागच्या दोन निवडणुकांचे निकाल बघा. जागा रिकाम्या राहिल्या असतील आणि स्वीकृत सदस्यांनी भरल्या असतील, तर वाढीव जागांची मागणी टिकत नाही.

नवी पॅरिश मागत असाल तर मतदारांचा आकडा निर्णायक. 1,000 किंवा जास्त मतदार असतील तर कौन्सिलची शिफारस करावीच लागते. 150 किंवा त्यापेक्षा कमी असतील तर सहसा कौन्सिल मिळत नाही, तिथे सगळ्या मतदारांची पॅरिश मीटिंग कारभार बघते. मधल्या आकड्यात निर्णय रिव्ह्यू करणाऱ्यांवर. कौन्सिलला कम्युनिटी, नेबरहूड किंवा व्हिलेज कौन्सिल असं नाव घेता येतं, शहर असेल तर टाउन कौन्सिल.

असलेली पॅरिश मोडणं मात्र कठीण आहे. मार्गदर्शिकेला त्यासाठी ठोस कारण आणि दीर्घकाळ टिकून राहिलेला स्थानिक पाठिंबा लागतो, आणि दीर्घकाळ म्हणजे सदस्यांच्या दोन कार्यकाळांएवढा, आठ वर्षं. तरी ते घडतं. पोर्ट्समथमधली साउथसी टाउन कौन्सिल 1999 मध्ये झाली आणि 2010 मध्ये बरखास्त झाली. क्लार्कशी भांडण झालं म्हणून कौन्सिल मोडा, असं कोणी सुचवलं तर त्याला पुढची निवडणूक दाखवा.

निर्णयानंतर

अंतिम शिफारशी पूर्ण कौन्सिलच्या ठरावाने मंजूर झाल्या की कारणांसह जाहीर कराव्या लागतात आणि मग नकाशा जोडलेला आदेश निघतो. त्याविरुद्ध अपील नाही. कायद्याची प्रक्रिया पाळली गेली नसेल तर न्यायालयात जुडिशियल रिव्ह्यू मागता येतो, तोही तातडीने आणि फार तर तीन महिन्यांत. त्यामुळे जे म्हणायचं ते मसुद्यावरच्या फेरीत म्हणा. पहिल्या फेरीत लिहिलं म्हणून दुसरीत गप्प बसू नका. मसुदा तुमच्या बाजूचा असला तर पाठिंब्याचं पत्र तर हवंच, कारण दुसऱ्या फेरीत विरोधकच जास्त लिहितात.

बाउंडरी कमिशनने गेल्या पाच वर्षांत तुमच्या पॅरिशचे वॉर्ड किंवा सदस्यसंख्या ठरवली असेल तर ते बदलायला कमिशनची संमती लागते. पॅरिशची हद्द सरकली म्हणून डिस्ट्रिक्टचा वॉर्ड किंवा काउंटीचा डिव्हिजन (काउंटी निवडणुकीचा मतदारसंघ) आपोआप सरकत नाही. त्यासाठी कौन्सिल कमिशनकडे वेगळी विनंती करते. पहिल्या ईमेलमध्ये कमिशनबद्दल विचारायला सांगितलं ते यासाठी.

हिशेबाच्या दृष्टीने बदल सहसा 1 एप्रिलपासून लागू होतो. नव्या कौन्सिलचा पहिल्या वर्षाचा प्रिसेप्ट डिस्ट्रिक्टच ठरवतं, कारण नवे सदस्य अजून निवडून यायचे असतात. सदस्यसंख्या आणि वॉर्ड पुढच्या मे महिन्यातल्या निवडणुकीपासून. पॅरिशच्या बहुतेक निवडणुका दर चार वर्षांनी होतात. बऱ्याच ठिकाणी 2023 मध्ये झाल्या आणि पुढच्या 2027 मध्ये आहेत.

सरकारच्या डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेनंतर दोन स्तरांच्या भागांत डिस्ट्रिक्ट कौन्सिलं जाऊन युनिटरी येणार आहेत. ज्या शहरांना आज पॅरिश नाही त्यांचं स्वतःचं असं काहीच उरत नाही, म्हणून तिथे रिव्ह्यू निघतात. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये 2023 ला युनिटरी आली आणि 1 मे 2025 ला हॅरोगेट आणि स्कारबरोने आपापल्या टाउन कौन्सिलसाठी पहिल्यांदा मतदान केलं. तुमचं शहर अशा भागात असेल तर कौन्सिलच्या संकेतस्थळावरचं सल्लामसलतीचं पान महिन्यातून एकदा उघडत जा.

आणि हद्द ठरली, वॉर्ड मिळाला, की त्या जागेवर उभं कोण राहणार हेही त्याच घरांत ठरवा. ब्रिटिश नागरिक नसाल तरी भारतीय पासपोर्ट आणि कायमस्वरूपी राहण्याची परवानगी असेल तर उमेदवारी करता येते. त्या पॅरिशच्या यादीत नाव हवं, किंवा आधीचे पूर्ण बारा महिने पॅरिशमध्ये किंवा तिच्यापासून तीन मैलांच्या आत वास्तव्य हवं. अनामत रक्कम नाही. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, दोघेही त्याच पॅरिशचे मतदार, आणि वॉर्ड असेल तर त्याच वॉर्डातले. अर्ज मतदानाच्या आधीच्या एकोणिसाव्या कामकाजाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत आमच्या टेबलावर पोचला पाहिजे. दोन-तीन दिवस आधी घेऊन या, म्हणजे काही राहिलं असेल तर आम्हाला सांगता येतं.